महर्षींचा रफार

रुबिना शेख मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं तिच्याविषयी चार बरे शब्द निघाले तर ते माझ्या तोंडातून ओढून काढलेले आहेत, हे तुमच्या लक्षात राहील.

धाराशिवच्या आमच्या संस्थेच्या कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला ‘ग्राफिक डिझाईन व चित्रांकन’ असा व्यवसाय अभ्यासक्रम सुरू झाला आणि तासिका तत्त्वावर मला तिथं घेतलं. मी अमरनाथ वाकुरे, मूळचा अणदूरचा. पुण्यातल्या एका छापखान्यात साडेचार वर्षं बिस्किटांच्या पुड्यांवरची डिझाईनं करून परत आलेलो, त्यामुळं स्वतःला बराच मोठा कलावंत समजत होतो. तासिका तत्त्व म्हणजे जितके तास तितका पगार, आणि प्राचार्यांची मर्जी फिरली तर पुढच्या वर्षी तेवढाही नाही. खोलीत बारा कॉम्प्युटर होते, त्यातले सात चालू. मुलं बावीस. त्यातली बहुतेक सायन्सला नंबर लागला नाही म्हणून आलेली. एकजण तर दिवाळीपर्यंत आपण मोबाईल दुरुस्ती शिकतोय अशाच समजुतीत होता. आणि एक ही, बेंबळीहून सकाळच्या एसटीनं येणारी, जिनं अर्जावर पहिली पसंती म्हणून हाच विषय लिहिला होता.

पहिल्या तासाला मी फळ्यावर ठसठशीत लिहिलं, ‘विद्यार्थ्यांसाठी सूचना’. निदान तसं लिहिलं असं मला वाटलं. मागं वळलो तर दुसऱ्या बाकावर एक हात वर.

“सर, रफार राहिला.”

“कुठं?”

“थ्यावर. विद्याथ्यांसाठी झालंय.”

पोरं फिदीफिदी हसली. मी म्हणालो, ये, तूच दे. वाटलं, लाजेल आणि खाली बसेल. ती सरळ उठली, खडूचं टोक बाकावर घासून बारीक केलं आणि एका झटक्यात असा रफार दिला की माझी बाकीची अक्षरं त्याच्याखाली गबाळी दिसायला लागली. परत जागेवर जाऊन बसली. हसली नाही, ‘सॉरी सर’ म्हणाली नाही. तेव्हाच माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

हे तिच्या घरातून आलं होतं. तिचे वडील वजीर, बेंबळीचे पेंटर. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, ग्रामपंचायतीचे फलक, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागचं मालकाचं नाव, असं सगळं त्या भागात त्यांच्या हातचं होतं. मग फ्लेक्स आले आणि राहता राहिल्या ट्रॉल्या. वजीर पेंटरची एक रीत होती. अख्खी ओळ जाड ब्रशनं आधी लिहायची, रफार आणि अनुस्वार सोडून. मग बारीक ब्रश घ्यायचा, शिडीवर पुन्हा चढायचं आणि हे डोक्यावरचं सगळं एकदम द्यायचं. खाली उतरून मोजायचं. कोपऱ्यात पेन्सिलीनं आकडा टाकायचा. या सगळ्याला त्यांच्या घरात एकच शब्द, ‘वरचं’. वरचं मोजल्याशिवाय पाटी गिऱ्हाइकाला द्यायची नाही.

पोरगी कॉम्प्युटरवरही तेच करायची. काम झालं की प्रिंट काढायची, बोट लावून वरचं मोजायची आणि कोपऱ्यात लिहायची. मी वर्गासमोर तिची भरपूर टर उडवली. “शेख, हे डिझाईन आहे, ट्रॉली नाही.” तिला मुद्दाम अडकणाऱ्या माऊसचा कॉम्प्युटर दिला. ती घरून जुन्या कंगव्याचा तुकडा घेऊन आली, माऊसच्या चाकातली घाण त्यानं उकरून काढली आणि कामाला लागली. तक्रार केली असती तर मला बरं वाटलं असतं.

चित्रं तर ती अशी काढायची की राग यावा. तूरडाळीच्या पिशवीचं डिझाईन करायला दिलं होतं. सगळ्यांनी इंटरनेटवरून हिरवं शेत आणि हसरा शेतकरी उचलला. हिनं आपल्या आईचे, फरिदाबीचे, फक्त हात काढले. सुपात डाळ निवडणारे, एका बोटाला चिंधी बांधलेली. दुकानात दहा पिशव्या शेजारी ठेवल्या तर माणसानं हीच उचलली असती. मला ते दिसत होतं. मी दहापैकी सहा दिले आणि शेरा मारला, ‘विषयाला सोडून’. तिनं शेरा वाचला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, “सर, सोडूनला ड लिहिलाय का द?” माझं अक्षर तेव्हाही तसंच होतं.

तिला पुढं काय करायचं होतं, हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. सोलापूरच्या एका कला महाविद्यालयात उपयोजित कलेचा कोर्स. तिथं बारावीच्या गुणांवर यादी लागायची, आणि आमच्या विषयाच्या प्रात्यक्षिकाचे गुण त्यात जड पडायचे. तिच्या वहीच्या पहिल्याच पानावर गेल्या वर्षीची शेवटची टक्केवारी लिहिलेली होती. खाली तिचं स्वतःचं गणित. अंतर्गत प्रात्यक्षिकाला पन्नासपैकी बेचाळीस तिनं धरले होते. ते गुण द्यायचे माझ्या हातात होते.

बारावीच्या जानेवारीत संस्थेचे अध्यक्ष बलभीमअण्णा पंचाहत्तर वर्षांचे झाले. आपल्याकडं ज्याच्या तीन शाळा आणि एक कॉलेज असतं, त्याला शिक्षणमहर्षी म्हणतात. अण्णांना स्वतःलाच तो शब्द इतका आवडायचा की त्यांच्या गाडीच्या मागच्या काचेवरही तो होता. प्राचार्य महांतप्पा बिराजदार यांनी मला बोलावून सांगितलं, गेटवर तीस फुटी बॅनर पाहिजे, तुमच्या कोर्सच्या मुलांकडूनच करून घ्या, उपक्रमही होईल.

मी काम रुबिनाला दिलं. प्रेमानं नाही. वर्गात दुसऱ्या कुणाच्या हातून ते सुधरलं नसतं म्हणून. तिनं तीन दिवस घेतले. मजकूर साधा होता: ‘शिक्षणमहर्षी बलभीमअण्णा यांना अमृतमहोत्सवी वर्षानिमित्त हार्दिक शुभेच्छा. शुभेच्छुक: प्राचार्य व सर्व कर्मचारी’. पण अण्णांचा फेटा तिनं फोटोवरून न उचलता हातानं चितारला होता, आणि तो फोटोतल्या फेट्यापेक्षा रुबाबदार दिसत होता. डाव्या कोपऱ्यात, पेंटर लोक टाकतात तसं, अगदी बारीक: ‘रुबिना वजीर, बेंबळी’. प्रिंट माझ्या टेबलावर ठेवून ती म्हणाली, “मोजलंय सर. रफार सहा, अनुस्वार दोन. फाईल कर्व्ह केलीय.” कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं तेच लिहिलेलं, खाली तारीख.

कर्व्ह करणं म्हणजे अक्षरांचं चित्र करून टाकणं. मग दुसऱ्या मशीनवर तो फॉण्ट नसला तरी अक्षर बिघडत नाही. मात्र त्यात पुन्हा एक शब्दही बदलता येत नाही. मी प्रिंट खणात टाकली आणि घरी गेलो.

संध्याकाळी प्राचार्यांचा फोन. “वाकुरे, नुसतं प्राचार्य कसं बरं दिसंल? माझं नाव घाला. अन् एक फोटो पाठवतो, तेवढा लावा.”

कर्व्ह केलेल्या फाईलमध्ये नाव कसं घालणार? मी तिची आधीची, अक्षरांची फाईल माझ्या लॅपटॉपवर उघडली. माझ्याकडं तोच फॉण्ट होता, पण जुना. प्राचार्यांचं नाव घातलं, फोटो डकवला. कोपऱ्यातलं ‘रुबिना वजीर, बेंबळी’ दिसलं. ते कुणी काढायला सांगितलं नव्हतं. मी काढलं. मग फाईल फ्लेक्सवाल्याला पाठवून दिली. वरचं मोजलं नाही.

त्या जुन्या फॉण्टात दुसऱ्या वेलांटीवर बसलेल्या रफाराचं चिन्हच नव्हतं. त्याच्या जागी नुसती वेलांटी आली. बाकीचे रफार शाबूत राहिले, एक तेवढा गळला.

सकाळी गेटवर तीस फूट लांबीचं अक्षर झळकत होतं: ‘शिक्षणमहषी बलभीमअण्णा’.

आता हे वाचा बरं मोठ्यानं. आमच्याकडच्या पोरांनी वाचलं. नऊ वाजेपर्यंत अकरावीच्या वर्गातून हंबरण्याचे आवाज यायला लागले. कुणीतरी बॅनरखाली कडब्याची पेंढी आणून ठेवली. दहा वाजता अण्णांची गाडी आली, तेव्हा ‘शिक्षणम्हैस’ हा शब्द जिल्ह्याच्या निम्म्या मोबाईलवर पोचला होता. अण्णा खाली उतरले, वर बघितलं, कडब्याकडं बघितलं आणि गाडीत बसून परत गेले. मला हसू आलं होतं, खोटं कशाला बोलू. ते हसू प्राचार्यांच्या केबिनच्या दारापर्यंत टिकलं.

“कुणी केलं हे?” प्राचार्य पांढरेफटक पडले होते.

“मुलांनी केलंय, सर.”

“नाव सांगा.”

“शेख,” मी म्हणालो. “रुबिना शेख.”

एवढंच. मारलं नाही, धमकावलं नाही, कुणी माझा गळा धरला नव्हता. पुढच्या वर्षीचे माझे तास डोळ्यासमोर आले आणि तोंडातून नाव निघून गेलं. बॅनरवरून मी जे नाव पुसलं होतं, ते गुन्ह्यावर मीच लिहिलं.

दुपारी रुबिनाला वडिलांना घेऊन यायला सांगितलं. वजीर पेंटर आले ते हातातला रंग न धुताच, बोटांवर निळं. प्राचार्यांनी बसा म्हटलं नाही. मोबाईलवरचा फोटो टेबलावर सरकवून ते माझ्याकडं बघत म्हणाले, “यांना मराठी लिहिता तरी येतं का नीट? आपलंच चुकलं वाकुरे. असल्या कामाला असली पोरगी बसवली. का मुद्दाम केलं हिनं, तेही बघायला पाहिजे.”

फळ्यावरच्या पहिल्या दिवसापासून त्या कॉलेजात ज्या एका माणसाला मराठी लिहिता येत होतं, ते माणूस समोर उभं होतं. मला ते ठाऊक होतं.

वजीरनी फोटो डोळ्यांजवळ नेला. अक्षरांवरून बोट फिरवलं. मग पोरीला विचारलं, “वरचं मोजलं व्हतंस?”

“व्हय अब्बा. रफार सहा.”

“हितं पाचच हायत. महर्षीचा न्हाय.”

“मी दिलेल्या कागदावर हाय.”

“कागद कुणाकडं?”

ती माझ्याकडं वळली. दोन वर्षांत पहिल्यांदा तिच्या आवाजात थोडी विनवणी होती. “सरांकडं हाय. खणात टाकला सरांनी. सर, दाखवा की.”

प्राचार्यांनी मान वळवली. “कसला कागद, वाकुरे?”

खोली बावीस पावलांवर. खणाची किल्ली माझ्या खिशात, मांडीला टोचत होती. मी म्हणालो, “मला काही आठवत नाही, सर.”

रुबिना रडली असती तर निदान मला तिची कीव करता आली असती. तिनं फक्त माझ्यावरची नजर काढली, आणि ती परत कधी ठेवली नाही. वजीर मात्र माझ्याकडं बराच वेळ बघत होते. “सायेब,” ते प्राचार्यांना म्हणाले, “आमी अक्षरावर पोट भरतो. वरचं मोजल्याबिगर माझी पोरगी कागद सोडत न्हाय. पन तुमी म्हंताय तर असंल. काय करायचं सांगा.”

माफीनामा लिहून द्या, नाहीतर प्रात्यक्षिकाला बसू देणार नाही, असं प्राचार्यांनी सांगितलं. रुबिना म्हणाली, मी लिहिणार न्हाय. वजीर म्हणाले, “लिही बेटा. परीक्षा दे.” मग ती टेबलाच्या कडेला उभ्यानंच लिहायला वाकली.

असा देखणा माफीनामा त्या संस्थेच्या दप्तरात दुसरा नसेल. ‘शिक्षणमहर्षी बलभीमअण्णा यांच्या नावात चूक झाली, त्याबद्दल मी माफी मागते. विद्यार्थिनी: रुबिना वजीर शेख.’ आणि खाली, नियमाप्रमाणं, माझं नाव. प्राचार्यांनी न वाचताच शिक्का मारला आणि फाईलला लावायला माझ्या हातात दिला. मी वाचला. शेवटची ओळ अशी होती: ‘मागदशक: अमरनाथ वाकुरे.’ आणि कोपऱ्यात पेन्सिलीनं: ‘रफार दोन. राहिले दोन.’

मी तो तसाच फाईलला लावला.

ते दोघं गेल्यावर प्राचार्य म्हणाले, “अंतर्गत गुणाला वीसच्या वर जाऊ देऊ नका. अण्णांना सांगता आलं पाहिजे, काहीतरी कारवाई केली म्हणून.” वीस म्हटलं होतं त्यांनी. मी अठरा लिहिले. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. जिचं आपण वाटोळं केलं, ती आपल्याला आणखी थोडी नकोशी होते, असं काहीतरी असावं.

लातूरहून आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी तिचं काम बघून मला विचारलंही, “ही मुलगी कुठं शिकली हो?” “इथंच,” मी म्हणालो. त्यांनी त्यांच्याकडचे जवळजवळ सगळे गुण दिले. तरीही सोलापूरच्या यादीत ती अकरा गुणांनी मागं पडली. बेचाळीसातून अठरा वजा करून बघा. मी केलेत, बऱ्याच वेळा.

मधल्या काळात अण्णांनी एक फर्मान काढलं होतं. कॉम्प्युटरवर त्यांचा भरवसा उडाला होता. यापुढं संस्थेत जी काही अक्षरं असतील ती माणसाच्या हातची पाहिजेत, प्रत्येक खोलीवर पेंटरकडून पाटी लिहून घ्या. जिल्ह्यात पाट्या लिहिणारे पेंटर आता किती उरलेत? जुलैत प्राचार्यांनी बेंबळीला निरोप धाडला. मी म्हणालो, सर, ते शेखचे वडील. ते म्हणाले, “मग काय झालं? हातानं बरं लिहितात की ते.”

चार दिवस बापलेक येत होते. वजीर शिडीवर, उंचावरच्या पाट्या. दारांवरचं रुबिना लिहायची. ओढणी कमरेला खोचलेली, बोटांवर निळं, बापासारखंच. ज्या दारातून दोन वर्षं ती आत आली, त्या दारापाशी ती चौथ्या दिवशी पोचली. मी आत बसून होतो. शेवटी न राहवून बाहेर आलो.

“पुढं काय करतेस?”

“हेच,” ती दाराकडं बघूनच म्हणाली.

दारावर जाड, भरदार अक्षरात लिहून झालं होतं: ‘ग्राफिक डिझाईन व चित्राकन विभाग. मागदशक: अमरनाथ वाकुरे’. वरचं सगळं बाकी होतं. तिनं बारीक ब्रश घेतला, चित्रांकनाचा अनुस्वार दिला. मग ब्रश पुसायला लागली.

“पोरी, वरचं राह्यलं की,” वजीर शिडीवरून म्हणाले.

“मोजलंय अब्बा. दोन राह्यलेत.”

“मग दे की.”

“ते माझे न्हाईत.” तिनं तो बारीक ब्रश टर्पेंटाईनच्या डबीत ठेवला, रंगाची बुडकुली त्याच्या शेजारी, आणि दोन्ही माझ्या उंबऱ्यावर सरकवली. “ते सरांनी द्यायचेत. कागद हाय त्यांच्याकडं. तो दाखवला, की द्या म्हणावं.”

माझ्याशी ती बोलली नाही. बापाशी बोलली, माझ्यासमोर. वजीरनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि शिडी खांद्यावर टाकली. आपली पाटी वरचं मोजल्याशिवाय न सोडणारा तो माणूस ती पाटी तशीच सोडून गेला.

प्राचार्य त्या दारावरून दिवसातून चारदा जातात. स्वतःचं नाव सोडून ते दुसरं काही वाचत नाहीत. मी दोनदा स्टुलावर चढलो. दोन फटकारे मारायचे होते, मोजून दोन. कागद खणात आहे, सहा रफार, दोन अनुस्वार, तारखेसह. तो प्राचार्यांच्या टेबलावर ठेवायला बावीस पावलं लागतात. रंग वाळला, टर्पेंटाईन उडून गेलं, ब्रशचे केस कडक झाले. मला त्या पोरीचा अजून राग येतो. ती माझ्यावर ओरडली असती, माझी तक्रार केली असती, तर मी तिच्याशी भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो. तिनं ती वाटच ठेवली नाही.

ऑगस्टात अकरावीची नवी मुलं आली. मी फळ्यावर या वेळी जपून लिहिलं, प्रत्येक अक्षर दोनदा बघितलं. मागं वळलो. येडशीची एक लहानखुरी मुलगी, नाव अजून पाठ झालेलं नव्हतं, दारापाशीच थबकली होती. मान वर करून पाटी वाचत होती.

“सर, रफार राहिलेत.”

“ठाऊक आहे,” मी म्हणालो. “आत ये. बस खाली.”